एकोणीस नावं आणि दगडाबाईची ओवी

मित्रांनो, मी एक जुनी कॅसेट आहे आणि मी रागावलेली आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर तुम्ही विचारायला नको की कॅसेटबाई, तुमचा सूर असा का लागतो. जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगताना सुस्कारे टाकतात, जुने दिवस आठवून गहिवरतात. मला ते जमत नाही. सहा वर्षं झाली, माझा राग उतरलेला नाही, आणि तो उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

दिसायला मी चारचौघींसारखीच. काळं प्लास्टिक, दोन दातेरी चाकं, पोटात तपकिरी पट्टी. पण माझ्या कागदावर निळ्या शाईत एक शब्द लिहिलेला आहे : 'नमुना'. एखाद्या गाण्याच्या दोनशे कॅसेटी भरायच्या असतील, तर शहाणी माणसं आधी एकच भरतात. ती पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकतात. कुठं आवाज फाटला, कुठं गाणं तुटलं, तर तो दोष त्या एकीतच सापडतो आणि पुढच्या दोनशे वाचतात. चूक पकडून देणं हे माझं काम होतं. मी ते चोख केलं. ज्यांनी ऐकायचं होतं त्यांनी काय केलं, तेच तुम्हाला सांगायचं आहे.

मी सेलूला आले ती एका खोक्यातून, बहिणींबरोबर. स्टेशनच्या रस्त्याला बसवराज आप्पांचं दुकान होतं. लग्नाला कर्णे भाड्यानं द्यायचे, रेडिओ दुरुस्त करायचे, कॅसेटी भरून द्यायच्या, असा त्यांचा धंदा. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, बोलणं मऊ, आणि कान असे की दुकानापुढून जाणाऱ्या टांग्याच्या घोड्याचा कोणता नाल ढिला आहे तेही सांगतील. माणूस वाईट नव्हता. वाईट माणसाचा राग करणं सोपं असतं, मित्रांनो. मला राग येतो तो चांगला कान असून वेळेला मान खाली घालणाऱ्यांचा.

अठ्ठ्याऐंशी सालच्या हिवाळ्यातली गोष्ट. आप्पा देवगाव फाट्याकडून कर्णे घेऊन टेम्पोनं परत येत होते. वाटेत चाक बसलं. ड्रायव्हर चाक बदलेपर्यंत आप्पा बांधावर जाऊन बसले, आणि तिथं त्यांना रानातून गाणं ऐकू आलं. बायका कापूस वेचत होत्या. प्रत्येकीची आपली पात, म्हणजे वेचायची ओळ, आणि सगळ्या एका सुरात पुढं सरकत होत्या.

कासराभर आला दीस, वटी बांधली कंबराला
पैलं बोंड वाहते गं, म्हसोबाच्या पाथराला

ते गाणं संपतच नव्हतं. चाक बसवून झालं, ड्रायव्हरनं दोनदा हाक मारली, तरी आप्पा उठले नाहीत. गाणं पातीइतकंच लांब होतं. या धुऱ्यापासून, म्हणजे रानाच्या कडेपासून, निघायचं आणि त्या धुऱ्याला पोहोचायचं. पोहोचल्यावर पुढं गाणाऱ्या बाईनं शेवटच्या ओवीत आपलं नाव सांगायचं. नाव सांगितलं की तिची पाळी संपली. मग दुसरी बाई ते नाव झेलते, पुढं होते आणि परतीची पात गाऊ लागते. नाव मिळाल्याशिवाय दुसरीनं तोंड उघडायचं नाही, अशी त्या बायकांची रीत.

जाणारी पात गात होती दगडाबाई, आणि परतीची सगुणाबाई. शब्द मात्र दोन्हीकडचे दगडाबाईनंच जुळवलेले. दगडाबाईचं माहेर झरीचं. तिच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली होती, म्हणून बाप मुंजाजीनं तिचं नाव दगडा ठेवलं. देवाला असं नाव नको वाटतं, पोर जगतं, असा त्याचा हिशेब. पोर जगली, आणि तिनं ते नाव गाण्याच्या शेवटी असं बसवलं, की मला आजही ते ऐकलं की माझी पट्टी ताणल्यासारखी होते.

सरली माझी पात, बाई, टेकले मी धुऱ्याला
मुंजाजीची लेक दगडा, नाव सांगते वाऱ्याला

आप्पांनी ही गोष्ट किशनरावांच्या कानावर घातली. किशनराव म्हणजे त्या वेळचं बडं प्रस्थ. त्यांच्या संस्थेचं नवं जिनिंग सुरू व्हायचं होतं, आणि मुहूर्ताला येणाऱ्या पाहुण्यांना काहीतरी वेगळं द्यावं असं त्यांच्या मनात होतं. कापसाच्या कारखान्याला कापसाचं गाणं! किशनरावांनी मांडीवर थाप मारली आणि दोनशे कॅसेटी भरायला सांगितल्या.

दुकानाच्या मागच्या खोलीत आप्पांनी भिंतींना गोधड्या टांगल्या, नांदेडहून मोठ्या चकत्यांचं रेकॉर्डिंग मशीन आणलं आणि बायकांना बोलावलं. बायका आल्या, ओळीनं बसल्या, आणि त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. मशीनला घाबरल्या असं आप्पांना वाटलं. दगडाबाई म्हणाली, "आप्पा, हात मोकळे ठिवून गाता येत न्हाई. बोंडं आना."

आप्पांनी रानातून पोतंभर बोंडं आणून सतरंजीवर ओतली. मग बायकांचे हात चालायला लागले आणि गळेही. माझ्या पट्टीवर कान देऊन ऐकलंत, तर गाण्याच्या मागे बोंडाच्या सालीचा करकर आवाज आजही येतो. जाणारी पात एकोणतीस मिनिटं भरली. परतीची सत्तावीसच, कारण घराकडं तोंड झालं की बायांचे पाय आपोआप उचलतात. दोन्ही पाती दोन वेगळ्या चकत्यांवर उतरल्या. ती मूळ पट्टी. आमची कॅसेट साठ मिनिटांची, म्हणजे एका बाजूला तीस, फार तर वर अर्धं मिनिट. आप्पांनी हातातल्या घड्याळात पाहिलं आणि खूश झाले. सगळं मापात बसत होतं.

आणि मग किशनराव कागद घेऊन आले.

कागदावर एकोणीस नावं होती. अध्यक्ष, उपाध्यक्ष, संचालक, माजी संचालक, जागा देणारे, जागा मिळवून देणारे, आणि ज्यांनी काहीच दिलं नव्हतं पण नाव नसतं तर रुसले असते असे चार जण. ही सगळी नावं गाण्याच्या आधी यायला हवी होती. किशनरावांनी ती स्वतःच्या आवाजात वाचली, प्रत्येकाला 'सन्माननीय' लावून, प्रत्येकानंतर श्वास घेऊन. दोन मिनिटं आणि दहा सेकंद लागले. आप्पांनी पहिल्या चकतीची पट्टी ब्लेडनं तिरपी कापली आणि नावांचा तुकडा पुढं चिकटवला. आयत्या बिळात नागोबा शिरतो तो असा.

तुम्ही शाळेत बेरीज शिकला आहात. एकोणतीस आणि दोन मिळून किती, हे तुम्हाला कळतं. त्या दुकानात ते कोणाला कळलं नाही.

मला भरायचा दिवस आला. आप्पांनी खोक्यातून मला उचललं, कागदावर 'नमुना' लिहिलं आणि मशीनमध्ये बसवलं. एका बाजूला मूळ पट्टीची मोठी चकती, दुसऱ्या बाजूला मी, मध्ये एक वायर. चकती फिरायला लागली, मीही फिरायला लागले. आधी ते सन्माननीय आले, एकामागून एक, आणि माझी नवीकोरी पट्टी खात बसले. मग दगडाबाईचा आवाज आला. मित्रांनो, कारखान्यातून निघाल्यापासून मी मुकी होते. त्या आवाजानं मला तोंड दिलं. पहिलं बोंड, म्हसोबा, दुपारची भाकर, बोटाला रुतणारं टोक, सगळं माझ्यात उतरत गेलं. पात धुऱ्याजवळ आली. 'सरली माझी पात' आता येणार, आता नाव येणार, असं मला कळत होतं. आणि माझी पट्टी संपली. खट् करून बटण वर आलं.

मी थांबले, मूळ पट्टी मात्र फिरतच होती. तिच्या मशीनवरचा काटा हलत होता. माझ्यापासून हातभर अंतरावर दगडाबाई आपलं नाव सांगत होती, एकदा, आणि रीतीप्रमाणं पुन्हा एकदा, आणि ते नाव घ्यायला माझ्याकडे बोटभर पट्टी उरली नव्हती. चाळीस सेकंद तो काटा थरथरत राहिला. आप्पा तेव्हा समोरच्या हॉटेलात चहा घेत होते.

परत येऊन त्यांनी मला उलटं केलं आणि दुसरी चकती लावली. माझी दुसरी बाजू सुरू झाली ती सगुणाबाईच्या ओवीनं.

ऐकलं तुझं नाव, बाई, गाठ मारली पदराला
सगुणाची आली पाळी, पात वळली गं घराला

कोणतं नाव ऐकलं? माझ्यात नाव होतंच कुठं?

मग माझी तपासणी झाली. ती कशी झाली ते नीट ऐका, कारण तुम्हीही मोठेपणी अशीच करण्याची शक्यता आहे. आप्पांनी सुरुवातीचं मिनिटभर ऐकलं, पट्टी पुढं पळवली, मधलं थोडं ऐकलं, बाजू पालटून चार ओळी ऐकल्या आणि म्हणाले, "छान उतरलंय." किशनराव आले. त्यांनी एकोणीस नावं ऐकली, पट्टी मागं घेऊन पुन्हा ऐकली, आणि तिसऱ्यांदाही ऐकली. तिसऱ्या वेळी त्यांनी डोळे मिटले होते. गाणं सुरू झालं तेव्हा ते चपला घालत होते.

माझी खरी तपासणी एकाच व्यक्तीनं केली. बाजाराच्या दिवशी दगडाबाई सगुणाबाईला घेऊन दुकानात आली. "आप्पा, भरली म्हनं कॅसेट? ऐकवा की." आप्पांनी मला लावलं. गिऱ्हाईक येत होतं, जात होतं. दगडाबाई पायरीवर बसून ऐकत राहिली, भाजीची पिशवी मांडीवर घेऊन, शेवटपर्यंत. खट् आवाज झाला तेव्हा ती हलली नाही. तिला वाटलं, मशीन थांबलंय.

"आप्पा, लावा की पुढं."

"संपली ती बाजू, दगडाबाई."

"संपली कशी? धुरा कुठं आला अजून? माझं नाव कुठं हाय?"

आप्पांनी मला मागं घेऊन शेवट ऐकला. दुसऱ्यांदा ऐकला. त्यांच्या चेहऱ्यावरून मी ओळखलं की त्यांना आता बेरीज कळली. "पट्टी कमी पडली गं बाई," ते हळू आवाजात म्हणाले. "चाळीस सेकंदांचा फरक. पुढं ती नावं घातली ना."

"मग उतरवा की पाच-सात नावं खाली. एकोनीस हायेत. माझं एकच हाय."

सगुणाबाई म्हणाली, "अन् दगडीचं नाव न्हाई आलं तर मी कुनाचं नाव ऐकलं म्हनू? येड्यावानी वाटंल की माझं गानं."

एवढ्यात किशनरावांची जीप दुकानापुढं थांबली. आप्पांनी चाचरत का होईना, विषय काढला. एवढं श्रेय मी त्यांना देते. "साहेब, ती नावं दुसऱ्या बाजूच्या शेवटी घातली तर? तिथं तीन मिनिटं जागा मोकळी आहे. दोन्ही बसतंय."

"शेवटी?" किशनराव हसले. "आप्पा, शेवटी कोण ऐकतं?"

मित्रांनो, हे वाक्य लक्षात ठेवा. ते पुढं कामाला येणार आहे.

"साह्यब," दगडाबाई पायरीवरून उठली, "गानं मी जुळवलंय. नाव सांगितल्याबिगर पात सरत न्हाई आमच्यात."

"अगं बाई, हे लोकगीत आहे. लोकगीताला कवी नसतो. कव्हरवर 'पारंपरिक' असं छापून आलंय." मग ते आप्पांकडे वळून हसत म्हणाले, "आणि दगडाबाई हे काय कॅसेटवर घालायचं नाव आहे? पाहुणे परभणीहून येणार, औरंगाबादहून येणार."

"माझ्या बापानं ठिवलेलं हाय. तुमच्या पाहुन्यांनी न्हाई."

"बरं, बरं. इतकं काय लावून धरायचं नावाचं? नाव घेऊन काय करणार आहेस?"

दगडाबाईचा आवाज चढला नाही. मला वाटतं, म्हणूनच तो रस्त्यापर्यंत गेला. "साह्यब, धा वर्सं झाली, सगळा मराठवाडा इद्यापीठाच्या एका नावासाठी पेटलाय. आमच्या पातीतल्या सत्यशीलेचं घर जाळलं, ते नावापायीच ना? मानसं मेली नावापायी. अन् तुमी मला इचारता, नाव घेऊन काय करनार?"

समोरच्या हॉटेलातले कप खाली आले. किशनराव जीपमध्ये बसले. "ते राजकारण आहे, बाई, त्यात तू पडू नको. आप्पा, दोनशे भरायला घ्या." आणि आप्पांनी, ज्यांनी टेम्पोचं चाक बसवून झाल्यावरही ते गाणं सोडलं नव्हतं त्या आप्पांनी, मान खाली घातली आणि 'हो साहेब' म्हटलं. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला ते एक पाऊल पुढं आले होते, आणि तेवढंच.

मी ओरडणार तरी कशी? माझ्यात दुसऱ्याचा आवाज असतो. माझा स्वतःचा नसतो. मी दोष दाखवला होता, एकीनं तो ओळखला होता, दुरुस्तीसुद्धा सांगितली होती, आणि माझ्या डोळ्यांदेखत माझ्या दोनशे बहिणी तोच दोष घेऊन भरल्या गेल्या. मग नमुना कशाला काढला होता? पूजेला?

मुहूर्ताचा दिवस आला. आप्पांनी माझी एक बहीण कर्ण्यावर लावली आणि वेळेला हाताशी असावी म्हणून मलाही बरोबर नेलं, म्हणून हे मी जवळून पाहिलं. मांडवात पाहुणे, मागं बायका. नावं वाजली, टाळ्या पडल्या. गाणं वाजलं, पाहुणे एकमेकांशी बोलत राहिले. बाजू पालटली आणि सगुणाबाईची ओवी आली. सूत्रसंचालन करणाऱ्या माणसानं तेवढीच ऐकली असावी. त्यानं माईक हातात घेतला आणि पुकारलं, "या गाण्याच्या गायिका सगुणाबाई यांनी व्यासपीठावर यावं!"

चूक कशी पसरते बघा. सगळ्या कॅसेटीत वेचणाऱ्या बायकांपैकी एकच नाव ऐकू येत होतं, आणि ते सगुणाबाईचं. बिचारी गांगरून वर गेली. तिच्या अंगावर शाल पडली, हातात नारळ आला, फोटो निघाला. खाली उतरून ती थेट दगडाबाईकडं गेली आणि रडत नारळ तिच्या ओटीत घालू लागली. "हे तुजं हाय गं दगडे. मला बोलूच देईनात वर."

दगडाबाईनं तिचा हात धरला. "तू कशाला रडतीस? तुजी काय चूक?" पण नारळ तिनं घेतला नाही. "नारळ नको मला. नाव पायजे."

पंधरा दिवसांनी ती पुन्हा दुकानात आली. बरोबर सगुणाबाई होतीच. दगडाबाईनं विचार पक्का केला होता. "आप्पा, दोनशे गेल्या त्या गेल्या. मला मूळ पट्टीवरून एक भरून द्या. नावासकट."

आप्पांनी नजर काउंटरच्या काचेकडं वळवली. मग म्हणाले, "मूळ पट्टी नाही राहिली, दगडाबाई. मशीन परत द्यायचं होतं. चकत्या दोनच होत्या. त्यांच्यावर एका लग्नाचा बँड भरला."

म्हणजे ते नाव आता कुठंच नव्हतं. काटा थरथरला होता तेवढीच त्याची खूण, आणि ती फक्त मी पाहिली होती. तुम्हाला वाटेल, दगडाबाई रडली. ती रडली नाही. रडवेले झाले ते आप्पा. "चुकलं माझं," ते म्हणाले. वरातीमागून आलेलं घोडं ते, पण आलं एकदाचं. त्यांनी फळीवरून मला काढलं. "हा नमुना तेवढा आहे. पुसून पुन्हा वापरणार होतो. तू ने."

दगडाबाईनं मला हातात घेतलं. तिच्या बोटांना कापसाच्या टोकांनी पडलेल्या चिरा होत्या. "पुसून पुन्ना वापरता येती व्हय ही?"

"येते की. ही वर खिट्टी आहे ना, ती मोडली तर पुसता येत नाही. नमुन्याची खिट्टी आम्ही मोडत नाही."

"मग माझं नाव घाला हिच्यात. मी आत्ता म्हनते."

"घालू की. मागच्या बाजूला शेवटी तीन मिनिटं मोकळी आहेत."

"शेवटी न्हाई." दगडाबाई आप्पांच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "शेवटी कोन ऐकतं? साह्यबच म्हनले. पुढं घाला."

"पुढं?" आप्पांनी रस्त्याकडं नजर टाकली. "पुढं साहेबांची नावं आहेत गं."

"हायेत न्हवं. त्येंच्यावरच घाला."

आप्पांनी पुन्हा रस्त्याकडं पाहिलं. मग त्यांनी उठून दुकानाचं दार लोटलं, मला मशीनमध्ये बसवलं, पट्टी अगदी सुरुवातीला आणली, माईक दगडाबाईपुढं धरला आणि लाल बटण दाबलं. आयुष्यात त्यांनी एवढं एकच बटण वेळेवर दाबलं असेल, पण दाबलं.

मित्रांनो, पुसलं जाणं वाईट असतं. मी ते नेहमी ऐकत आले होते. पण त्या दिवशी माझ्यावरून एकेक सन्माननीय निघून जात होता आणि मला हलकं वाटत होतं. अध्यक्ष गेले, उपाध्यक्ष गेले, आणि त्यांच्या जागी 'मुंजाजीची लेक दगडा' आली. रीतीप्रमाणं दोनदा आली. ओवी संपली तरी अजून बरीच नावं शिल्लक होती. दगडाबाई थांबली नाही. तिनं आपल्या पातीतल्या बायकांची नावं घ्यायला सुरुवात केली, बापांच्या नावासकट. तात्यारावची लेक सगुणा. सितारामची लेक सत्यशीला. कमल, कडू, गौरा, शांतम्मा. कापूस वेचावा तशी सावकाश, एकही बोंड न सोडता.

शेवटी तिला वाटलं की झालं. आप्पांनी बटण सोडलं. पण किशनरावांच्या वाचनाचे दोन शब्द शेपटाशी उरलेच. आजही मला लावलंत तर आधी दगडाबाईची ओवी येते, मग बायकांची नावं, मग किशनरावांचा भारदस्त आवाज एवढंच म्हणतो, "...आभारी आहोत." आणि गाणं सुरू होतं. ते ऐकून सगुणाबाई पहिल्यांदा हसली तेव्हा तिला ठसका लागला होता. आप्पा म्हणाले, तेवढं पुसून देतो. दगडाबाई म्हणाली, राहू द्या, खरंच हाय ते.

घरी जाताना तिनं बांधावरच्या बाभळीचा एक काटा मोडला आणि चालता चालता माझ्या डोक्यावरच्या दोन्ही खिट्ट्या काढून टाकल्या. आता माझ्यावर कोणाचंच काही चढणार नव्हतं.

माझ्या दोनशे बहिणींचं काय झालं, ते सांगते. कोणी त्यांच्यावर सिनेमाची गाणी भरली, कोणाची पट्टी पोरांनी पतंगाला शेपटी म्हणून लावली. वाटलेली वस्तू फार दिवस टिकत नाही. मीही काही सिंहासनावर नव्हते. दगडाबाईकडं टेप नव्हता, म्हणून वर्षांमागून वर्षं मी एका पत्र्याच्या डब्यात, सुईदोऱ्याच्या शेजारी पडून होते. पण दर दिवाळीला ती मला काढायची, फुंकर मारायची आणि परत ठेवायची.

यंदाच्या संक्रांतीला सत्यशीलेच्या घरी बायका तीळगूळ द्यायला जमल्या होत्या. जळालेल्या घराच्या जागेवर तिनं दोन खोल्या बांधल्या आहेत आणि एक टेपही घेतला आहे. रेडिओवर विद्यापीठाला अखेर ते नाव मिळाल्याची बातमी सांगत होते. बायका कान देऊन ऐकत होत्या. बातमी संपल्यावर सगुणाबाई म्हणाली, "सोळा वर्सं लागली गं एका नावाला."  सत्यशीलेनं रेडिओ बंद केला आणि दगडाबाईपुढं हात केला. "मावशी, तुमची कॅसेट आना."

मला लावलं. दारात एक नवी सून उभी होती, तिनं विचारलं, "हे कुनाचं गानं म्हनायचं?" दगडाबाईनं तोंड उघडलंच नाही. तिला गरजच नव्हती. माझ्या पहिल्या शब्दापासून उत्तर सुरू झालं होतं.

आता माझी विनंती. विनंती कसली, दटावूनच सांगते. कोणी तुमच्यापुढं नमुना ठेवला तर तो शेवटपर्यंत ऐका, आणि आपलं नाव तेवढं ऐकून चपला घालू नका. आणि दुसरी गोष्ट. तुम्ही हुशार आहात, तुम्हाला माहीत असेल की खिट्टी मोडलेल्या जागेवर कागदाची चिकटपट्टी लावली की माझ्यासारखी कॅसेट पुन्हा पुसता येते. उद्या मी तुमच्या हाती पडले, आणि तुम्हाला एखादं नवं गाणं भरायचा मोह झाला, तर तेवढी पट्टी लावू नका. दोनशे चुकीच्या होत्या, त्या सगळ्या गेल्या. बरोबर असलेली एकच आहे, आणि मुंजाजीच्या लेकीचं नाव तिच्याशिवाय कुठंच नाही.